दुसऱ्या शहरातलं तेच घर

नाटकवाल्यांत त्याला काटकोन म्हणत. खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर असायचं, आणि तो कागद निघायचा कधीतरी, त्यामुळे ते फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. धंद्याने सुतार, पण टेबलं-कपाटं करणारा नव्हे. तो नाटकाची घरं बांधायचा. तीन भिंतींची घरं, चौथ्या बाजूला प्रेक्षक. कानाला पेन्सिल, कमरेला मोजपट्टी आणि हातात काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या. दर दोन मिनिटांनी तो गुण्या कुठल्यातरी कोपऱ्यात टेकवायचा, एक डोळा मिटायचा आणि कोपरा सरळ निघाला की स्वतःशीच "हं" करायचा. ते "हं" ऐकू आल्याशिवाय दिग्दर्शकसुद्धा रंगमंचावर पाऊल टाकत नसे.

त्याचं खरं कसब दिसायचं दौऱ्यावर. आज हे गाव, उद्या ते. कुठे रंगमंच ऐसपैस, कुठे एवढासा की नायकाने हात पसरला तर खलनायकाच्या नाकाला लागावा. पण नाटकातली बैठकीची खोली मात्र सगळीकडे तीच हवी, तसूभर फरक चालायचा नाही. त्यासाठी काटकोनाकडे एक जाड कॅनव्हासचं भलंमोठं कापड असे. सोफ्याचा एकेक पाय, दाराची चौकट, पायरी, टेलिफोनची तिपाई, सगळं त्यावर पांढऱ्या रंगाने आखलेलं. गाडी पोचली की आधी कापड अंथरायचं, मग खुणांवर सामान ठेवायचं. दीड तासात घर उभं. प्रेक्षकांकडे बघत बघत नायिका मागच्या मागे पर्स फेकायची आणि ती बरोब्बर खुर्चीत पडायची. टाळी नायिकेला मिळे. काटकोन विंगेत उभा राहून ती आपलीच समजून घेई.

"नट आंधळा असतो," तो नव्या पोरांना सांगायचा. "झोताच्या उजेडात त्याला काही म्हणजे काही दिसत नाही. तो चालतो माझ्या खुणांवर. खुर्ची चार बोटं सरकली तर माणूस पडेल. माझ्या सेटवर आजवर कुणी पडलेलं नाही."

त्याची बायको त्याला तिथेच भेटली होती. लहान लहान कामं करायची ती: शेजारीण, नर्स, निरोप घेऊन येणारी. दोन वाक्यं बोलून जायची, पण अशी बोलायची की लोकांना वाटे, ही अजून थोडी थांबली असती तर बरं झालं असतं. लग्न झालं, मुलगी झाली. आणि मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमारास आईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. दोन वर्षांत आधी कडा गेल्या, मग मधला उरलासुरला उजेडही गेला.

डॉक्टरांनी हात टेकले त्या दिवशी घरी आल्यावर काटकोन थेट कपाटापाशी गेला. कपाटावरची हत्यारं काढली, बाजारातून बारीक सुतळी आणली आणि पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, न्हाणीघरापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून दारापर्यंत जमिनीवर चिकटवून टाकली. तळपायाला लागेल एवढीच. सामान एकदा ठेवलं ते ठेवलं. खुर्ची ओढून तशीच सोडली म्हणून त्याने आयुष्यात एकदाच मुलीवर हात उगारला, आणि तो हात हवेतच राहिला.

चार महिन्यांत सुतळीची गरज संपली. बायको घरभर अशी फिरायला लागली की नव्या माणसाला कळू नये. मग तिने बाहेरचं मनावर घेतलं. दाराबाहेर डावीकडे लांब ओसरी, नऊ पावलं. मग दोन पायऱ्या आणि रस्ता. रस्त्याला लागल्यावरच ती घडीची पांढरी काठी उघडायची; ओसरीत काठी उघडणं तिला अपमानाचं वाटे. एकशे सत्तर पावलांवर बेकरी. बेकरीच्या अलीकडे शिवणवाल्या बाईंचं दुकान, तिथे यंत्राचा आवाज थांबला की समजायचं, बाईंनी आपल्याला पाहिलं.

पहिले सहा महिने काटकोन दबक्या पावलांनी तिच्या मागे जात असे. एकदा बेकरीच्या दारात ती थांबली आणि मागे न वळताच म्हणाली, "अहो, आता हे बंद करा."

"काय?"

"चोरासारखं मागनं येणं. तुमची डाव्या पायाची चप्पल वाजते. सगळी गल्ली हसते आपल्याला."

त्या दिवसापासून ती एकटी जायला लागली. वीस वर्षं. सकाळी पाव, नवऱ्यासाठी वर्तमानपत्र, परतताना शिवणवाल्या बाईंकडे घटकाभर टेकणं. बेकरीवाला तिला शिळा पाव द्यायची हिंमत करत नसे, कारण ती पाव हातात घेऊन नुसतं "कालचा?" असं विचारायची आणि दुकानातली सगळी गिऱ्हाइकं माना वळवायची. घरात डोळस माणसं होती, ती नोकऱ्या करत, आजारी पडत, कंटाळत. ही मात्र रोज बाहेर जाऊन यायची. एकटी जाते, एकटी येते, हा तिचा मान होता आणि काटकोनाचाही. शिवणवाल्या बाई म्हणायच्या, "तुमच्या मालकांनी बांधलेल्या सगळ्या घरांत तुम्हीच सगळ्यात पक्क्या."

मग नाटकांचे दिवस पालटले. सेटऐवजी मागे एक मोठा चकचकीत पडदा आला, त्यावर चित्रं पडायची. महाल म्हणा, जंगल म्हणा, बटण दाबलं की हजर. काटकोनाचा कारखाना ज्या गोदामात होता तिथे गाड्या उभ्या करायची जागा झाली. मुलीने संसार केला, तो मोडला, आणि ती आपल्या लहान मुलीला घेऊन माहेरी आली. घर तिच्या पगारावर चालायला लागलं. आणि शहर तर असं महागत चाललं होतं की दर वर्षी घरमालक दारात आला की भाडं वाढवूनच जायचा. तिसऱ्या वर्षी त्याने जो आकडा सांगितला, तो ऐकून मुलीने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

तिच्या कंपनीची दुसऱ्या एका शहरात शाखा होती. लहान शहर. तिथे निम्म्या भाड्यात दुपटीचं घर मिळत होतं, नातीची शाळा समोर, मुलीचं ऑफिस जवळ. कुणीही ऐकलं असतं तर म्हणालं असतं, विचार कसला करताय. मुलीने सगळं कागदावर मांडून बापाला दाखवलं. काटकोनाने कागद पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. चूक काढण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आईला सांगितलं तेव्हा तिने फक्त मान हलवली. तिसऱ्या दिवशी जेवताना तिने विचारलं, "तिथं बेकरी किती पावलांवर आहे?"

"आई, तिथं पाव घरपोच येतो," मुलगी म्हणाली. "तुला जायलाच नको."

"मग मी काय करू?"

मुलीचा घास हातातच राहिला. तशी ती वाईट नव्हती, थकलेली होती. "तू आराम कर," असं काहीसं ती पुटपुटली आणि उठली.

त्या दुपारी काटकोन बायकोजवळ बसला. म्हणाला, "तू कशाला घाबरतेस? मी आयुष्यभर दुसरं काय केलंय? इथला सेट उचलायचा, तिथं मांडायचा. तुला कळणारसुद्धा नाही गाव बदललं ते."

हे तो मनापासून बोलला. पुढे जे झालं ते या वाक्यामुळे झालं, पण त्या घडीला त्याच्याइतका प्रामाणिक माणूस त्या शहरात नसेल.

दुसऱ्या दिवसापासून तो कामाला लागला. माळ्यावर जुन्या नाटकांचे कॅनव्हास होते, ते त्याने उसवले, जोडले, शिवणवाल्या बाईंच्या यंत्रावर पक्के केले. घराएवढं कापड झालं. मग एकेक खोली रिकामी करून ते जमिनीवर पसरायचं, सामान परत ठेवायचं आणि पायांभोवती रंग फिरवायचा. पलंगाचे चार पाय, ओट्याची कड, पाण्याच्या पिंपाचा गोल, चपला ठेवायची फळी. बायको त्याच्या मागे मागे उभी असायची.

"पिंपाची खूण केली?"

"केली."

"अगदी जिथं आहे तिथं? परवा लेकीने थोडं भिंतीकडे ढकललंय."

"ते मी आधी मागे घेतलं, मग खूण केली."

"हं," ती म्हणाली. नवऱ्याचंच "हं" होतं ते. दोघंही हसली.

काटकोन सगळ्यांच्या आधी पंधरा दिवस सामानाच्या ट्रकबरोबर नव्या शहरात गेला. दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभा राहिला. घर दुसऱ्या मजल्यावर होतं. बैठकीची खोली लांबलचक, स्वयंपाकघरात चार माणसं नाचतील एवढी जागा, झोपायच्या खोलीला मोठी थोरली खिडकी. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. याने मोजपट्टी काढली आणि कपाळाला हात लावला. घर मोठं होतं. सगळ्या बाजूंनी मोठं.

मग त्याने तेच केलं जे त्याला येत होतं. लाकडी पट्ट्यांच्या चौकटी केल्या, त्यांवर प्लायवूड ठोकलं, एकमेकींना बिजागऱ्यांनी जोडलं, बिजागऱ्यांत खिळी घातल्या. नाटकातल्या भिंती अशाच असतात. खीळ ओढली की भिंत हातात येते. कापडावरच्या खुणांनुसार खऱ्या भिंतींच्या आत त्याने जुन्या मापाच्या भिंती उभ्या केल्या. मधे हातभर बोळ राहिला. उंबरा आणला, तो बसवला. जुन्या दाराची करकरणारी बिजागरीसुद्धा घरमालकाच्या परवानगीने काढून आणली होती, ती लावली. झोपायच्या खोलीची मोठी खिडकी नकली भिंतीमागे झाकली गेली, कारण जुन्या घरात खिडकी डाव्या हाताला होती. मग त्याने प्लायवूडमध्ये डाव्या हाताला एक खोटी खिडकी कापली. वारा यायला हवा म्हणून मागच्या बोळात टेबलफॅन ठेवला, मंद चालणारा.

मुलगी, नात आणि बायको आल्या. मुलीने दारातून आत पाहिलं, भाड्याच्या करारातला फोटो आठवला आणि पिशवी खाली ठेवली.

"बाबा. मोठं घर घेतलं आपण."

"हो ना."

"ते तुम्ही लहान केलंत?"

"तेवढंच लागतं आपल्याला," काटकोन म्हणाला. "उरलेलं मागे आहे. वापर हवं तेव्हा."

नातीने मात्र बोळ पाहिला आणि तिथून बाहेर पडायलाच तयार होईना. "आजोबा, ही विंग आहे ना?" तिने आपल्या बाहुल्या, उशी आणि टॉर्च घेऊन संसार तिथेच थाटला. मुलगी बापाला काही बोलणार होती, पण तेवढ्यात आईने चप्पल फळीवर ठेवली. हात न फिरवता, न चाचपता. मग सरळ सहा पावलं चालून पिंपापाशी गेली, पेला उचलला, पाणी प्यायली. पलंगावर जाऊन बसली. उशी नेहमीच्या जागी होती. डाव्या बाजूने वारा आला, तिने तोंड तिकडे केलं.

"रस्त्याचा आवाज नाही येत," ती म्हणाली.

"काचा जाड आहेत इथं," काटकोन म्हणाला.

मुलीचे डोळे भरून आले. तिने पुढे होऊन बापाचा खांदा दाबला. त्या क्षणी तिला तो जगातला सगळ्यात मोठा कलावंत वाटला, आणि त्यालाही थोडंफार तसंच वाटत होतं.

दाराबाहेरचं मात्र त्याच्या हातात नव्हतं. तिथे बाकीचेही भाडेकरू होते. बाहेर डावीकडे चारच पावलं, आणि लगेच खाली जाणारा जिना. त्याने बायकोला तीनदा हात धरून नेलं. "इथं चार. मग कठडा. कठडा हाताला लागल्याशिवाय पाचवं पाऊल नाही." तिने तीनदा म्हटलं, "लक्षात राहील." आणि लक्षात होतंच. विचारलं असतं तर झोपेतही तिने सांगितलं असतं, चार.

अकरा दिवस ती बाहेर पडली नाही. सगळं मजेत चाललं होतं. सकाळचा चहा तीच करायची, नातीच्या वेण्या तीच घालायची. मुलगी ऑफिसात मैत्रिणींना सांगायची की आईला बदल जाणवलासुद्धा नाही.

बाराव्या दिवशी सकाळी मुलगी कामाला गेली, नात शाळेत. काटकोन कोपऱ्यावरच्या दुकानात स्क्रू आणायला गेला होता. ती उठली. पलंगाच्या डाव्या बाजूने पाय खाली सोडले. वारा येत होता. तीन पावलं, न्हाणीघर. पाच पावलं, ओटा. चहा प्यायली, कप जागेवर पालथा घातला. दाराच्या मागे खुंटीवर कापडी पिशवी होती, ती घेतली, घडीची काठी बगलेत मारली. दार ओढलं, बिजागरी करकरली. डावीकडे वळली आणि वीस वर्षं ज्या चालीने गेली होती त्या चालीने पाव आणायला निघाली.

पाचव्या पावलाला खाली काही नव्हतं.

तळमजल्यावरचे पेन्शनर गृहस्थ आवाज ऐकून धावत आले. ती जिन्याच्या मधल्या चौकात पडली होती. खांदा निखळलेला, मनगट मोडलेलं, गालावर कठड्याचा वळ. काठी अजून बगलेतच होती, मिटलेली. गृहस्थांनी पाणी दिलं, रिक्षा बोलावली. काटकोन स्क्रूची पुडी घेऊन आला तो जिन्यातच. त्याला पाहून गृहस्थ म्हणाले, "अहो, यांना एकटं कसं सोडलंत?" हे वाक्य ऐकायची वेळ त्या दोघांवर वीस वर्षांत आली नव्हती.

दवाखान्यात प्लास्टर चढलं. ती पडून होती, काटकोन स्टुलावर. 

"चाळीस वर्षांत एक नट पडला नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मी चार सांगितली होती."

"अहो, मला चार माहीत होती. मी विसरले नाही." ती थांबली. "मी तिथं नव्हतेच. मी घरी होते. उठले तेव्हा घरी होते, चहा केला तेव्हा घरी होते. घरातून बाहेर पडलं की नऊ पावलं असतात. माझा पाय चुकला नाही."

 त्याने तिच्या चांगल्या हाताला हात लावला. तिने तो काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

"आणि तो फॅन," ती म्हणाली.

"कुठला?"

"डोळे गेलेत माझे, कान नाही. पहिल्याच दिवशी कळलं. फॅनच्या वाऱ्याला वास नसतो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढं केलं होतंत. आणि खरं सांगू? बरं वाटत होतं. म्हटलं, नवरा एवढं खोटं बोलतोय तर आपणही थोडं खोटं राहू." ती हसायला गेली, पण खांदा दुखला. "फक्त मग मला खरंच वाटायला लागलं."

घरी आणल्यावर तीन आठवडे ती पलंगावरून फारशी उठली नाही. न्हाणीघरात जायचं तरी मुलीला हाक मारायची. तीन पावलांसाठी हाक. मुलगी रजेवर रजा घेत होती. काटकोन ओट्यापाशी उभा राहून ऐकायचा: पलंग ते न्हाणीघर, भिंतीला घासत जाणारा हात. ज्या घरात तिने कधी भिंतीला हात लावला नव्हता, त्याच मापाच्या घरात ती आता चाचपडत होती. चौथ्या आठवड्यात त्याने न सांगता जुनी सुतळी शोधून काढली. पलंगापाशी गुडघे टेकून तो ती चिकटवायला लागला तेव्हा वरून तिचा आवाज आला.

"काय करताय?"

"काही नाही. थोडे दिवस सोबत होईल तुला."

"नको." ती पलंगावर उठून बसली. "सगळं काढा."

"सुतळी?"

"भिंती. तुमच्या सगळ्या भिंती काढा. हे घर कसं आहे ते मला माहीतच नाही. रोज सकाळी मी तिकडे उठते आणि कुणीतरी मला सांगतं की तू इकडे आहेस. किती दिवस चालायचं असं? मला हे घर अनोळखीच द्या."

"तू पडशील," तो म्हणाला.

"पडेन. पण कुठं पडतेय ते कळेल."

रविवारी त्याने काम काढलं. नाटक संपलं की सेट उतरवायला त्याला वीस मिनिटं लागायची. तेव्हा हसत-खिदळत, शिट्या वाजवत उतरवायचे सगळे. या वेळी सकाळपासून दुपार झाली तरी बैठकीच्या खोलीचं काम संपेना. खीळ ओढायची, चौकट अलगद पाडायची, उचलून बाहेर नेऊन ठेवायची. मुलगी दुसऱ्या टोकाला धरत होती. नात आपली बाहुल्यांची चूल मोडताना बघत दारात उभी होती, ओठ बाहेर काढून, पण रडत नव्हती, कारण आईने सांगितलं होतं की आज आजोबांना काही बोलायचं नाही. काटकोनाची बायको खोलीच्या मधोमध खुर्चीवर बसली होती. हात गळ्यात अडकवलेला, पाठ ताठ. एकेक भिंत गेली की खोलीतला आवाज बदलायचा. बोलणं लांबून आल्यासारखं वाटायला लागलं.

मग झोपायची खोली. तिला तिथे नेऊन पलंगावर बसवलं. तीन भिंती उतरल्या. चौथी राहिली, खोट्या खिडकीची. काटकोनाने फॅनचं बटण बंद केलं. वारा थांबला. तो खीळ धरून उभा राहिला आणि त्याच्याने ती ओढवेना.

"राहिलीय ना एक?" ती म्हणाली.

"हो."

"मला न्या तिथं."

त्याने तिला नेलं. तिने प्लायवूडवर तळहात ठेवला, रंधा मारलेल्या कडेवरून बोटं फिरवली. काम चांगलं झालंय हे तिला हातानेच कळलं असणार. मग बिजागरी चाचपली, खीळ सापडली, आणि चांगल्या हाताने तिने ती स्वतः वर ओढली. भिंत सैल झाली. काटकोनाने आणि मुलीने ती झेलली, बाजूला नेली, आणि मागची मोठी खिडकी मुलीने सताड उघडली.

वारा आला. त्याला वास होता: मातीचा, कुणाच्या तरी फोडणीचा, उन्हाने तापलेल्या पत्र्याचा. आणि आवाज आला. खूप मुलांचा, चेंडूचा, कुणीतरी शिट्टी वाजवत होतं.

"हे काय आहे?"

"समोर शाळेचं मैदान आहे," काटकोन म्हणाला. "रविवारी खेळायला येतात."

"इतके दिवस होतं हे?"

"होतं."

तिने चेहरा त्या बाजूला वळवला, मग दुसऱ्या बाजूला, मग थांबली. हात पुढे केला. हाताला काही लागलं नाही. एक पाऊल टाकलं. तिथेही काही नव्हतं. आता पलंग कुठल्या बाजूला राहिला, दार कुठे, आपलं तोंड कुणीकडे, हे तिला कळत नव्हतं, आणि ते तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. काटकोन पुढे व्हायला निघाला, पण मुलीने त्याची बाही धरली.

"शिवणवाल्या बाईंचा मी निरोप घेतला नाही," बायको म्हणाली.

मुलीने बापाची बाही सोडली नाही.

"तिकडून सकाळी निघालो तेव्हा यंत्राचा आवाज थांबला होता. म्हणजे त्यांनी पाहिलं होतं मला. मी हात केला असता तरी चाललं असतं. मला वाटलं, येतेच आहे परत."

मग ती जिथे होती तिथेच खाली बसली, उघड्या फरशीवर, आणि रडायला लागली. ट्रक निघाला तेव्हा ती रडली नव्हती, दवाखान्यात रडली नव्हती. आता मात्र तिला आवरेना. दोन वाक्यं बोलून जाणारी बाई होती ती. एवढा मोठा प्रवेश तिच्या वाट्याला कधी आला नव्हता. काटकोन हळूच तिच्या शेजारी फरशीवर बसला.  पुढच्या कित्येक महिन्यांत ती हे घर शिकली, गुडघे फोडून घेत शिकली, पण रस्त्यावर एकटी अशी ती पुन्हा कधी गेली नाही. हे त्याला तेव्हाच कळलं होतं का, कोण जाणे. तो नुसता बसून होता, आणि त्याचेही खांदे हलत होते.

नात दारातून आत डोकावली. "आजी का रडतेय?" तिने आईला विचारलं.

"अगं, ती आज आली इथं," आई म्हणाली. आणि तीही त्या दोघांच्या जवळ जाऊन बसली.